रुखवतातला क्रोशा आणि समुद्रातली भूमिती

क्रोशा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टीव्हीवर घातलेला रुमाल, रुखवतातलं तोरण, नाहीतर दुपारची कामं उरकून गप्पा मारत विणणाऱ्या मावश्या. गणित तर नक्कीच येत नाही. पण गणितातला एक अवघड प्रश्न याच सुईने सोपा केलाय आणि त्यातून जगातला एक भन्नाट सामुदायिक प्रकल्प उभा राहिलाय. आपल्या कॅम्पसवर त्याची चर्चा व्हायलाच हवी.

शाळेत आपण शिकलो, की रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी दाखवून दिलं, की अशा अनंत रेषा निघतील अशीही एक भूमिती असू शकते. तिचं नाव हायपरबोलिक भूमिती. तिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. कागदावर ठीक, पण हे दिसणार कसं? कागदाच्या पट्ट्या चिकटवून मॉडेल्स केली जायची, पण हाताळली की ती फाटायची.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लाटव्हियाच्या डाइना ताइमिना यांनी यावर उपाय काढला. त्यांनी सरळ क्रोशाची सुई घेतली. नियम एकच: ठरावीक टाके झाले की एक टाका वाढवायचा, प्रत्येक ओळीत, न चुकता. कड भराभर वाढते, तिला जागा पुरत नाही आणि कापड आपोआप झालरीसारखं दुमडायला लागतं. तयार झालं हायपरबोलिक प्रतल! हातात धरा, घडी घाला. घडीची रेघ म्हणजे तिथली सरळ रेषा. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने अशा रेषा शिवल्या, की समांतर रेषांची ती गंमत बोटांनी चाचपता येते.

हीच झालर कोबीवर्गीय केलच्या पानांत दिसते, कोंबड्याच्या फुलात दिसते आणि प्रवाळांतही. कमी जागेत जास्त पृष्ठभाग मिळवायची ही निसर्गाची युक्ती. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी ती ओळखली. एक विज्ञानलेखिका, दुसरी कलाकार. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या घरात त्यांनी क्रोशाने प्रवाळ विणायला घेतले. नियम थोडा वाकवला, टाके कधी लवकर तर कधी उशिरा वाढवले, की लोकरीचे आकार अगदी जिवंत वाटायला लागतात. हळूहळू शहराशहरांतले लोक जोडले गेले. २०१९ मध्ये हे प्रवाळ व्हेनिस बिएनालेत पोहोचले. २०२२ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या संग्रहालयात सुमारे चार हजार जणांनी विणलेले चाळीस हजारांहून जास्त प्रवाळ मांडले गेले.

आता तुम्ही म्हणाल, लोकर विणून समुद्र वाचतो का? नाही वाचत. तो दावाही कुणी करू नये. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारी, अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्यावर उपाय धोरणांत आहे, सुईत नाही. पण एक साधा प्रवाळ विणायला कित्येक तास लागतात. इतका वेळ ज्या गोष्टीला दिला, ती मरतेय हे कळल्यावर आपण रील स्क्रोल करावं तसं पुढे जात नाही. या प्रकल्पात प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून विणलेले ‘विषारी’ प्रवाळही आहेत. तो आरसा आपल्यालाच दाखवलाय.

आणि प्रवाळ म्हणजे फक्त परदेश नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहेत. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी हलवावे लागले. मुंबईत राहून आपल्यापैकी कितीजणांना ते तिथे होते हे माहीत होतं?

खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे. आपण ज्ञानाच्या दोन रांगा लावून ठेवल्यात. लॅबमधलं ते विज्ञान, घरातलं ते ‘टाइमपास’. टाके मोजणं, प्रमाण सांभाळणं, चुकलं तर नेमकं कुठे ते शोधून तेवढंच उसवणं हे सगळं गणितच आहे. फक्त ते बायकांनी, तेही घरात बसून केलं म्हणून त्याला मार्क मिळाले नाहीत. क्रोशाच्या प्रवाळांनी या दोन्ही रांगा एकाच टेबलावर आणल्या.

मग पुढच्या सायन्स एक्झिबिशनला थर्माकोलचा ज्वालामुखी राहू दे. मॅथ्स, झूलॉजी आणि आर्ट्सवाल्यांनी मिळून एक भिंतभर प्रवाळ विणा. विणता येत नाही? घरी किंवा शेजारी कुणालातरी येत असेलच. तिला कॉलेजात बोलवा, खुर्ची द्या आणि शिका. दर पाच टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, एवढंच लक्षात ठेवा. आणि पोस्टरवर नावं लिहाल तेव्हा गाइड म्हणून फक्त प्राध्यापकांचं लिहू नका. जिने सुई धरायला शिकवली, तिचंही नाव लिहा. पूर्ण, आडनावासकट.