उतारा कुणाच्या नावे?

शाळेच्या मुख्याध्यापकाला जन्मभर चौकशा कराव्या लागतात. खडूची पेटी कुणी पळविली, खिडकीची काच कुणी फोडली, हजेरीपटावर शाई कुणी सांडली, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आमची हयात गेली. मुलाच्या डोळ्यांत पाहिले की गुन्हेगार कळतो, असा आमचा पक्का समज होता. तो समज २०१९ सालच्या जुलै महिन्यात एका संगणकाने पार धुऊन काढला. त्याचीच ही कथा आहे. तीत थोडे शास्त्र आहे आणि थोडी आमची फजिती. दोन्ही वाचकांच्या उपयोगी पडतील.

आमची शाळा बेळगावच्या परिसरातील, सरकारी आणि मराठी माध्यमाची. कौलारू इमारत, समोर पिंपळाचा पार आणि एका खोलीत माजी विद्यार्थ्यांनी दिलेले सहा जुने संगणक. यंत्रे जुनी असल्यामुळे त्यांवर लिनक्स मिंट ही विनामूल्य आणि हलकी प्रणाली घातलेली होती. त्यांपैकी पहिल्या संगणकावर त्या वर्षी एक मोलाचा ऐवज साठला होता. शाळेच्या स्मरणिकेसाठी गावातील वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आमच्या मुलांनी घरोघरी जाऊन लिहून आणल्या आणि टंकलिखित केल्या होत्या. सांगणाऱ्यांपैकी दोघे तर तोपर्यंत निवर्तलेही होते. या मजकुराची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हा आमचा पहिला अपराध, तो आरंभीच कबूल करून टाकतो.

एका सोमवारी सकाळी सातवीतला वर्गाचा मॉनिटर धावत आमच्या खोलीत आला. मुलगा हुशार, वडील हातमागावर, पुढे यंत्रमागावर काम केलेले. संगणक कक्षाची किल्ली त्याच्याकडे असे. तो म्हणाला, “सर, पडदा येतोय आन् जातोय.” आम्ही जाऊन पाहिले. नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा पडदा स्वच्छ दिसत होता. शब्द घातला की क्षणभर काळोख होई आणि पुन्हा तोच पडदा समोर येई. पुन्हा शब्द, पुन्हा काळोख, पुन्हा तोच पडदा. दारावर थाप मारावी, आतून कडी निघाल्याचा आवाज यावा आणि दार पुन्हा तोंडावर मिटावे, तसा हा प्रकार होता.

आम्ही त्या मुलाच्या डोळ्यांत पाहिले आणि नेहमीच्या आत्मविश्वासाने विचारले, “काय दाबलंस?” तो म्हणाला, “सर, मी कायबी केलं न्हाई.” आम्ही विश्वास ठेवला नाही. किल्ली त्याच्याकडे, तेव्हा दोषही त्याचाच! चार मुलांदेखत आम्ही किल्ली काढून घेतली. मुलगा काही बोलला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी शाळेतच आला नाही.

दुपारी दुरुस्तीवाला तरुण आला. त्याने पडद्याची वायर हलविली, दुसरा मॉनिटर लावून पाहिला आणि निकाल दिला, “सर, आतली प्रणाली बिघडली आहे. सगळे पुसून नव्याने घालावे लागेल. आतले काही राहणार नाही.” आमच्या पोटात गोळा आला. दोन मृत माणसांचे शब्द त्या यंत्रात होते. त्याला आम्ही उद्या या म्हणालो.

रात्री पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. त्याने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “सर, परवलीचा शब्द चुकीचा घातला तर काय होतं?” आम्ही म्हणालो, “चुकला असे स्पष्ट लिहून येते.” तो हसला. “म्हणजे शब्द ओळखला जातोय. नाव विचारणारा पडदा नीट दिसतोय, म्हणजे मॉनिटर, वायर आणि चित्र काढणारा भागही ठीक आहे. बिघाड तुमच्या स्वतःच्या घरात शिरताना होतोय. काही पुसू नका. आधी घर कुणाच्या नावावर आहे ते बघू.”

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. लिनक्सचा गाभा फिनलंडमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रथम प्रसृत केला. पण त्याची घडण त्याहून जुन्या युनिक्स प्रणालीवर बेतलेली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्सची उभारणी केली. त्या काळी संगणक महाग असे आणि एकाच यंत्रावर अनेकजण काम करीत. एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे असली की कुणाची खोली कोणती हे ठरवावेच लागते. म्हणून प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट आणि उरलेले सर्व, असे तीन पक्ष मानले गेले. प्रत्येक पक्षाला वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचे १, असे गुण दिले जातात. फाइलीवर ६०० असा आकडा असेल तर मालकाने वाचावे आणि लिहावे, इतरांनी हातही लावू नये. ६४४ असेल तर मालकाने लिहावे, इतरांनी केवळ वाचावे. या सर्वांच्या वर ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला कोठेही मज्जाव नाही.

आता पडद्याकडे येऊ. चित्रे आणि खिडक्या दाखविणारी एक्स विंडो नावाची व्यवस्था १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. पडद्यावर काही काढू इच्छिणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला ती एक गुप्त खूण विचारते. आमच्या यंत्रावर ती खूण वापरणाऱ्याच्या घरातच, ‘एक्सऑथॉरिटी’ नावाच्या छोट्या फाइलीत ठेवलेली असे. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ती एरवी डोळ्यांना दिसत नाही. ती मालकाला वाचता आली नाही तर खूण दाखविता येत नाही, कार्यक्रम तत्क्षणी बंद पडतो आणि यंत्र आपल्याला पुन्हा दाराशी आणून सोडते.

दुसऱ्या दिवशी दूरध्वनी कानाला लावून आम्ही संगणकापुढे बसलो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबताच काळा पडदा आला आणि त्यावर केवळ अक्षरे. तेथे तेच नाव आणि तोच शब्द घातला, तर बिनतक्रार प्रवेश मिळाला! मुलांनी टंकलेला मजकूरही जागच्या जागी होता. आमच्या जिवात जीव आला. प्रथम डिस्क भरलेली नाही ना, हे ‘डीएफ’ या आज्ञेने पाहिले. कारण जागा संपली तरी हेच लक्षण दिसते. मग ‘एलएस’ या आज्ञेपुढे उणे चिन्ह आणि एल, ए ही अक्षरे जोडून घरातील लपलेल्या फाइलींसह सर्वांची यादी काढली. प्रत्येक ओळीत मालकाचे नाव होते: शाळा, शाळा, शाळा. एकाच फाइलीच्या ओळीत मात्र ‘रूट’ दोनदा लिहिले होते. ती ओळ एक्सऑथॉरिटीची होती.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. शेत आपण कसतो, घाम आपण गाळतो आणि एके दिवशी तलाठ्याकडे जाऊन पाहावे तर उताऱ्यावर नाव भलत्याचेच! मग पीक उभे असूनही बांधावर उभे राहण्याची पाळी येते.

“सर,” दूरध्वनीतून आवाज आला, “कुणीतरी रूटच्या अधिकारात चित्राचा पडदा सुरू केला असणार. आठवतंय का?”

आम्हांस आठवले, आणि आठवले नसते तर बरे असे वाटले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही एकटेच स्मरणिकेचे काम करीत होतो. पाऊस कोसळत होता. वीज गेली आणि परत आली तेव्हा यंत्राने नेहमीचा पडदा न दाखविता अक्षरांतच नाव विचारले. आमच्या जुन्या टिपणवहीत ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा होती. ‘सुडो’ हा शब्द आधी लावला की कोणतेही काम अडत नाही, असेही कुणीतरी सांगितलेले होते. सुडो म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा शिक्का. आम्ही दोन्ही जोडून लिहिले, चित्र आले, आम्ही खूश होऊन काम संपविले आणि घरी गेलो. त्या क्षणी ती खुणेची फाइल नव्याने लिहिली गेली होती, पण रूटच्या नावे. शिक्का आमच्या हाती होता, गुन्हाही आमचाच; आणि शिक्षा झाली ती किल्ली सांभाळणाऱ्या पोराला.

दुरुस्ती एका ओळीची होती. सुडो, मग मालक बदलणारी ‘चाऊन’ ही आज्ञा, जिची अक्षरे सी, एच, ओ, डब्ल्यू, एन अशी, मग आपले प्रवेशनाव, दोन टिंबांचे चिन्ह, पुन्हा तेच नाव, आणि शेवटी आरंभीच्या टिंबासह फाइलीचे नाव. तेवढे करून यंत्र पुन्हा सुरू केले. शब्द घातला. क्षणभर काळोख झाला आणि नेहमीचा पडदा, त्यावरच्या पिंपळाच्या पाराच्या चित्रासह, समोर उभा राहिला. आम्ही दुरुस्तीवाल्यास येऊ नका म्हणून कळविले.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी सांगतो. सर्वांसाठी खुली असलेली ‘टेंप’ नावाची जागा धर्मशाळेसारखी असते. तेथे कुणीही गाठोडे ठेवावे, पण दुसऱ्याचे उचलू नये, अशा अर्थाचा १७७७ हा आकडा तिच्यावर असावा लागतो. तो बदलला तरी पडदा रुसतो. दुसरे असे की, कंटाळून सर्वच फाइलींना ७७७ देऊन सारी दारे सताड उघडण्याचा सल्ला कुणी दिल्यास तो मुळीच मानू नये. त्याने गुप्त खुणा उघड्या पडतात. शिवाय सुडोसारखे सावध कार्यक्रम आपल्या नियमांची फाइल कुणालाही लिहिता येते असे पाहून काम करण्याचेच नाकारतात. विंडोज वापरणाऱ्यांनाही याचा भाऊबंद भेटतो. आपली माहिती उघडण्याची परवानगी यंत्राला मिळाली नाही तर ते कधी कधी तात्पुरते, रिकामे घर उघडून देते. सारे नाहीसे झाले असे वाटते, पण बहुधा ते आपल्या जागी सुरक्षित असते. त्या तात्पुरत्या घरात मात्र काही साठवू नये. बाहेर पडताच ते पुसले जाते.

दुपारी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. दारात त्याची आई उभी होती. “अक्का, चूक आमची होती,” आम्ही म्हणालो. ती गोंधळली, मुख्याध्यापक चूक कबूल करतात हे तिला नवे असावे. मुलगा आतून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी, ज्या चार मुलांदेखत किल्ली घेतली होती त्यांच्याचदेखत ती परत दिली आणि बिघाड कसा झाला, तोही सांगितला. मग त्याच्याकडूनच त्या आठवणींच्या दोन प्रती काढून घेतल्या. एक शाळेच्या कपाटात राहिली, दुसरी आमच्या घरी.

त्या सोमवारी दोन मॉनिटरांवर आळ आला होता, एक काचेचा आणि एक हाडामांसाचा. दोघेही निर्दोष निघाले. काचेच्या मॉनिटरला त्याचे काही वाटले नसावे. दुसऱ्याने मात्र किल्ली घेताना आमच्या डोळ्यांत पाहिले, आणि या खेपेस नजर आम्ही वळविली.