फोन कुणाचा, निवड कुणाची?

मैत्रिणींनो, लेकाला आयफोन हवा, यजमानांना गॅलक्सी, आणि हप्ते मात्र तुमच्या पगारातून! मग निवड तुम्हीच का करू नये?

आयफोन १६ सप्टेंबर २०२४ मध्ये आला तो ७९,९०० रुपयांना. गॅलक्सी एस२५ जानेवारी २०२५ मध्ये ८०,९९९ ला. म्हणजे फरक एकोणीस-वीसचाच. पण त्या किमतीत पहिल्यात साठवण १२८ जीबी, दुसऱ्यात २५६. मेमरी कार्ड दोन्हींत बसत नाही, खोक्यात चार्जरही नसतो. सॅमसंगने सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. विकताना मात्र आयफोनला सहसा जास्त भाव येतो.

फोटो-व्हिडिओ जपून ठेवणारीने गॅलक्सी घ्यावा. दोन-तीन वर्षांनी फोन बदलणारीला आयफोन परवडेल, असं माझं मत. पण आधी चौकशी करा, कंपनीचं दुरुस्ती केंद्र गावापासून किती लांब? काच फुटली तर एसटीने जिल्ह्याला खेटे आपल्यालाच घालायचेत.

बचत गटातल्या बायकांना मी नेहमी सांगते, वस्तू कुठलीही घ्या, पैसा आपला तर पावती आपल्या नावावर हवी. आणि फोनचा पासवर्डही आपलाच. पटतंय ना?