घेतली, संपादली, गेली

इंग्रजीतले 'अ‍ॅक्वायर' हे मोठे सभ्य क्रियापद आहे. शब्दकोश उघडला तर मिळवणे, प्राप्त करणे, आत्मसात करणे असे सगळे चांगल्या घरातले अर्थ सापडतात. भाषा अ‍ॅक्वायर करता येते, कौशल्य करता येते, सवयीने लागलेली कडू कॉफीची गोडीही अ‍ॅक्वायर केलेली असते. आपण मराठीत त्याला 'संपादन करणे' हा तितकाच खानदानी शब्द दिला. विद्या संपादन करावी, विश्वास संपादन करावा, यश संपादन करावे. कष्टाशिवाय आणि पात्रतेशिवाय काही संपादन होत नाही, अशीच आपली समजूत.

आता हेच क्रियापद पनवेल तालुक्यातल्या रोडपालीला नेऊन पाहू. कळंबोलीला खेटून असलेले हे गाव. आज तिथे सेक्टरांचे आकडे आहेत, उंच इमारती आहेत, शेजारी लोखंड बाजार आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. या पट्ट्यातली भातखाचरे आणि मिठागरे त्यात आली. सरकारी कागदावर त्याचे वाक्य झाले, 'जमीन संपादित करण्यात आली.' गावातल्या ओटीवर मात्र वाक्य वेगळे होते. तिथे म्हणत, 'जमीन गेली.'

'गेली' हे क्रियापद मराठी माणूस कुठे वापरतो ते आठवा. पुरात पीक गेले, म्हातारपणी नजर गेली, घरातले वडीलधारे माणूस गेले. जे परत येणार नाही, त्याच्यासाठी ते राखून ठेवलेले असते. पण व्याकरणाच्या मास्तरांनी शिकवलेला प्रश्न इथे विचारायला हवा: कर्ता कोण? 'संपादित करण्यात आली' यात करणारा दिसत नाही. 'गेली' यात तर जमीन जणू स्वतःच्या पायांनी चालत गेली. घेणारा दोन्ही वाक्यांतून अलगद निसटला आहे.

मराठीत समानार्थी शब्दांची वाण आहे, असे मुळीच नाही. पैसे मोजून घेतले तर आपण 'विकत घेतले' म्हणतो, घाम गाळून मिळाले तर 'कमावले'. चढाओढीत हाती लागले तर 'पटकावले', जोर करून नेले तर 'हिसकावले', बांध कोरून घेतले तर 'बळकावले' आणि कुणाचे लक्ष नसताना घशात घातले तर 'लाटले'. समोरच्याची राजीखुशी होती की नव्हती, हे यातला प्रत्येक शब्द सांगून टाकतो. 'संपादन' तेवढे त्याविषयी गप्प राहते.

गंमत अशी की, कायदा स्वतः इतका गप्प नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारभावावर १५ टक्के जादा रक्कम ठेवलेली होती आणि ती कशासाठी तेही स्पष्ट लिहिले होते: संपादन सक्तीचे आहे म्हणून. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली, आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने १०० टक्के केली. मराठी कागदपत्रांत तिला 'दिलासा रक्कम' म्हणतात. दिलासा आपण कुठे द्यायला जातो? ज्या घरातले कुणी गेले, तिथे. म्हणजे आकडेमोडीत कायद्यानेही गावाचाच शब्द मान्य केला, मथळ्यात मात्र 'संपादन' कायम ठेवले.

बँकेच्या नोकरीत असताना भूसंपादनाचे चेक घेऊन खाते उघडायला येणारी माणसे मी पाहिली आहेत. काउंटरच्या अलीकडे आम्हांला ती 'ठेव' दिसे. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ते शेत दिसत असावे. शब्दांचा हिशेब तिथे फार कडक होता. जुन्या कायद्याखाली पैसे स्वीकारताना 'हरकत राखून' असे नोंदवले नाही, तर वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे प्रकरण पाठवून घेण्याचा हक्क जात असे. नुसती सही केली की झाले ते मान्य! ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्यासाठी दोन शब्दांची किंमत कदाचित आयुष्यभराची होती.

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. दि. बा. पाटील त्याचे नेते होते. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. 'परत' हा शब्द बोलका आहे. घेतल्याशिवाय परत कोण देतो? पण इथेही क्रियापदाला एक बारीक टीप जोडलेली होती. परत मिळालेला भूखंड भाडेपट्ट्याने मिळाला. सातबाऱ्यावर ज्याचे नाव मालक म्हणून होते, तो आपल्याच गावात पट्टेदार झाला.

कुणी म्हणेल, जमिनी घेतल्या नसत्या तर मुंबईची गर्दी कुठे गेली असती? रस्ते, रेल्वे, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला विमानतळ, हे सारे हवेत उभे राहत नाही. हे खरेच आहे. रोडपालीतल्या इमारतींत आज हजारो कुटुंबांनी सुखाने संसार थाटले आहेत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. समाजाला कधी कधी एकाची जमीन सर्वांसाठी घ्यावी लागते. पण घ्यावी लागते, तर 'घेतली' म्हणावे. ज्याने मोठा त्याग केला, त्याला निदान आपल्याबाबत काय घडले याचे नाव तरी खरे मिळावे.

यापुढेही जमिनी लागणार आणि नोटिसा निघणार. त्यांत एक सरळ वाक्य असावे, एवढीच माझी मागणी आहे: 'शासन तुमची जमीन तुमच्या संमतीची वाट न पाहता, या कारणासाठी, या भावाने घेत आहे, भाव मान्य नसेल तर अमुक दिवसांत अमुक ठिकाणी दाद मागा.' असे वाक्य लिहिताना लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थबकेल. तो थबकायलाच हवा. 'संपादन' लिहिताना तो कधीच थबकत नाही.