दूषण मोजता येते, विटाळ मोजता येत नाही

सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधील गोयानिया शहरात दोघांनी बंद पडलेल्या दवाखान्यातून कॅन्सर-उपचाराच्या यंत्राचा जड भाग काढून भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ ची भुकटी होती. अंधारात ती निळसर चमकायची, म्हणून ती नातेवाइकांत, शेजाऱ्यांत वाटली गेली. चौघांचा जीव गेला. त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या दफनाला विरोध करत जमावाने दगडफेक केली.

मृतदेहालाही जागा नाकारणे आपल्या समाजाला नवे नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की मोजमापाशिवाय पसरलेली किरणोत्सर्गाची भीती हा नव्या नावाचा विटाळच आहे.

गोयानियात १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. दूषण आढळले २४९ जणांवर. तरीही त्या शहराच्या लोकांना बाहेरगावी हॉटेलात खोली मिळेना.

घरांचेही तसेच. वीट, वाळू, ग्रॅनाइट यांत मुळातच थोडे युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असते. त्यामुळे कोणत्याही घरात मीटर काहीतरी दाखवणारच. केरळच्या करुनागप्पल्ली किनाऱ्यावर वाळूतील थोरियममुळे हा आकडा बराच मोठा येतो, पण तिथल्या दीर्घ अभ्यासात त्यामुळे कॅन्सर वाढल्याचे दिसले नाही.

मग फरक कसा ओळखायचा? आधी त्याच प्रकारच्या विटा-वाळूच्या, दूषणाचा संशय नसलेल्या घरात मोजायचे. तेवढाच आकडा सगळ्या भिंतींवर सारखा आला, तर तो बहुधा निसर्गाचा. एखाद्या कोपऱ्यात, मोरीपाशी, अंथरुणापाशी तो एकदम वाढला, तर संशय घ्यावा. ओल्या कागदाने ती जागा पुसून कागद मोजला, तर सुटी भुकटी पकडता येते. शेवटी द्रव्याचे नाव सांगणारे यंत्र लावावे. सीझियम-१३७ हे विटेत मुळातून असणारे द्रव्य नाही.

भीती झिडकारायची म्हणजे धोका नाकारायचा, असे मात्र नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा जीव घेतला. ते यंत्र विद्यापीठाने लिलावात काढलेले होते. चूक शिकलेल्यांची, मरण भंगार फोडणाऱ्याचे. आपली किती मुले याच धंद्यात आहेत! आकाराच्या मानाने फार जड डबा किंवा तीन पात्यांचे चिन्ह दिसले, तर फोडू नका, दूर व्हा, ११२ वर कळवा.

आपल्या वस्तीत कोणी मीटर घेऊन आले, तर तीन प्रश्न विचारा. तुलना कोणत्या घराशी केली? द्रव्य कोणते सापडले? अहवाल लेखी देणार का? आणि कॅन्सरसाठी यंत्राखाली शेक घेऊन आलेल्या माणसाचे ताट वेगळे करू नका. त्याच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. घराच्या भिंतीलाही आपण तोच न्याय लावू.

जयभीम! नमो बुद्धाय!