भिंत थंड हवी, पण भक्कमही हवी

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. जुन्या माळवदाच्या घरात मातीची जाड भिंत दुपारी गारवा द्यायची. आजच्या विटा-सिमेंटच्या घरात रात्री हात लावला तरी भिंत गरम लागते. मग जुनीच भिंत परत बांधावी का?

तसे करणे परवडणारे नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी जिल्हा ४.५ रिश्टरच्या धक्क्याने हादरला. १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदांखालीच हजारो माणसे गाडली गेली. म्हणून इथे उष्णता आणि भूकंप यांचा विचार एकत्रच करावा लागेल.

हवामान तशी भिंत

काश्मीरमध्ये घरातली ऊब आत धरून ठेवायची असते. कोकणात दमटपणामुळे वारा खेळता ठेवणे जास्त महत्त्वाचे. मराठवाड्यात ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच न देणे शहाणपणाचे.

काय करता येईल?

● छत आधी : एकमजली घरात सर्वाधिक ऊन छतावर पडते. पांढरा रंग किंवा चुना हा सर्वात स्वस्त उपाय.

● पश्चिमेची भिंत : पडवी, छज्जा किंवा झाडाची सावली द्या.

● एएसी ब्लॉक : पक्क्या विटेच्या तुलनेत यातून उष्णता साधारण चौथा-पाचवा हिस्साच वाहते. वजनही कमी, त्यामुळे भूकंपात भार कमी येतो. मात्र जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर आरसीसी पट्टा हवाच.

● थर्माकोलचा थर : तो बाहेरून लावून जाळी आणि प्लास्टरने झाकावा. ज्वलनरोधक प्रकारच निवडा.

नियम कोणासाठी?

केंद्राची 'इको निवास संहिता २०१८' घरांच्या भिंती-छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालते. पण ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे. म्हणजे ज्याच्याकडे एसी असण्याची शक्यता जास्त, त्याच्यासाठी नियम. पंख्यावर भागवणाऱ्यासाठी काहीच नाही.

घरकुलाच्या नमुना आराखड्यातच भूकंपरोधक पट्टा, पांढरे छत आणि पश्चिमेची सावली घालावी. घर एकदाच बांधले जाते. त्यातली चूक मात्र दर उन्हाळ्यात भोगावी लागते.