फुकट ते पौष्टिक

पुणे ही सांस्कृतिक राजधानी आहे, हे मला दर दिवाळीला फ्लेक्सवरून कळतं. वर नेत्यांची रांग, मधोमध हात जोडलेले भावी नगरसेवक आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढा गायक. ज्याच्या गळ्यावर हा सगळा डोलारा, त्याचं नाव वाचायला स्कूटर थांबवावी लागते. खाली मात्र ठळक अक्षरांत: 'दिवाळी पहाट. प्रवेश विनामूल्य.'

या विनामूल्यानं शहराच्या रसिकतेचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं मिरवणुकीतल्या डीजेनंही केलं नसेल.

पास मिळवणं हीच इथली खरी कला. आठवडाभर आधी संपर्क कार्यालयाबाहेर रांग लागते. त्यात पेन्शनर असतात, तसे दोन-दोन फ्लॅटवालेही. "चार द्या हो, मेहुणे यायचेत नाशिकहून!" मग पहाटे अभ्यंगस्नान उरकून, ठेवणीतला झब्बा घालून जावं, तर पुढचे सोफे 'निमंत्रितांसाठी राखीव' आणि रिकामे. अभंग ऐन रंगात आला की निमंत्रित उगवतात. निवेदिका खुणावते, तबला थांबतो. शाल, श्रीफळ, मोमेंटो आणि मग 'फक्त दोन शब्द'. ते संपेपर्यंत ऊन अंगावर येतं. गायक बिचारा हसरा चेहरा करून बसलेला. एरवी कशातही चूक काढणारा पुणेकर इथे मात्र हूं की चूं करत नाही. करणार कसा? ज्यानं बिल भरलं तो माइक घेणारच. त्या भावी नगरसेवकाला मी दोष देत नाही. त्याचा व्यवहार रोखीचा आणि चोख आहे.

हीच मंडळी नाटकाचं तिकीट पाचशे रुपये म्हटलं की तोंड वाकडं करतात आणि मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नची बादली निमूट विकत घेतात. बालगंधर्व रंगमंदिर 1968 पासून उभं आहे. तिथल्या स्वच्छतागृहांबद्दल, डासांबद्दल नटांनी कंठशोष केला. प्रेक्षकांचा मोर्चा महापालिकेवर गेल्याचं काही मला आठवत नाही. पासावर आलेल्यानं तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची?

बरं, फुकटाचीच एवढी भूक असेल म्हणावं, तर न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेकडे कोण वळतं? तिथे बसायला जागा मिळते, भरपूर मिळते. म्हणजे हवं असतं ते फुकट नव्हे, पास! शेजाऱ्याकडे नसलेला.

याच शहरात भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूच्या स्मरणार्थ 'सवाई' संगीत महोत्सव सुरू केला. तिथे लोक पदरचे पैसे मोजून भारतीय बैठकीवर मांडी घालतात. (त्यातले निम्मे स्टॉलवर वडे खात असतात, ते जाऊ द्या, तिकीट तर काढलंय.) तिथे ख्याल मध्येच तोडून कुणा उमेदवाराला माइक देण्याची कुणाची छाती नाही.

तेव्हा यंदा कुणालाही पासासाठी फोन करू नका. खिडकीवर जा, तिकीट काढा. आणि त्यानंतरही कुणी शाल घेऊन रंगमंचावर चढलाच, तर खुर्चीतून उठा आणि खणखणीत आवाजात सांगा: "आधी गाणं सुरू करा!"