जातीचा रकाना

शाळेत नाव घालताना जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव आणि जन्मतारीख यांच्याबरोबर जातीचाही रकाना भरला जातो. त्या नोंदीवरून शाळा सोडल्याचा दाखला निघतो, दाखल्यावरून जातीचे प्रमाणपत्र, मग पडताळणी. आणि पडताळणीवर वसतिगृहापासून सरपंचपदाच्या राखीव जागेपर्यंत पुष्कळ काही अवलंबून असते. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात कोण कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. सरकारदरबारी मात्र ते रजिस्टरचे पिवळे पडलेले पान ठरवते.

जात म्हणजे वंश नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात आणि पुन्हा 1936 मध्ये 'जातिनिर्मूलना'त वांशिक उपपत्ती खोडून काढली. तरीही जन्माने लादलेल्या कमीपणाचे वर्णभेदाशी असलेले नाते महाराष्ट्राने फार आधी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. अमेरिकेच्या जनगणनेत एके काळी वंश प्रगणक पाहून लिहीत असे. पुढे तो ज्याचा त्याने सांगायचा, असे झाले. आपल्याकडे पहिली नोंद गुरुजींच्या हातची, आणि ती बदलून घेणे सोपे नाही.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात वरचे शिक्षण मुख्यतः उर्दूतून होते, आणि तेही मोजक्यांना. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (1921) हा अपवाद. स्वामी रामानंद तीर्थ तिथेच शिक्षक होते. फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. वतन म्हणजे जातीने बांधलेले काम. ते सोडायचे तर पोटापाण्याची दुसरी वाट हवी, आणि ती शाळेतून जात होती. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या मिलिंदने, ती वाट खेड्यातल्या मुलांसाठी पदवीपर्यंत नेली. या महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरातल्या वातावरणातूनच गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक आले. शिकलेल्या पहिल्या पिढीने नोकरीबरोबर शब्दही मिळवले, आणि त्याचे पडसाद राजकारणात उमटले.

ते किती तीव्र होते, हे नामांतराने दाखवले. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. वाद पदवीच्या कागदावरच्या नावाचा. पण ज्यांच्या घरातून कोणी विद्यापीठाची पायरी चढले नव्हते, अशांचीही घरे जळाली. नाव मिळाले ते 14 जानेवारी 1994 रोजी, 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून.

रजिस्टरमध्ये हा इतिहास वेगळ्या रीतीने उतरला. एकाच घरात आजोबांपुढे 'महार', वडिलांपुढे 'नवबौद्ध' आणि नातवापुढे 'बौद्ध' अशा नोंदी सापडतात. 1956 मध्ये बाबासाहेबांबरोबर धर्म बदलला, पण बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळायला 1990 उजाडले. मधली चौतीस वर्षे केंद्राची सवलत हवी असेल तर कागदावर हिंदूच राहावे लागे. मनाने सोडलेली ओळख मुलाच्या शिक्षणासाठी धरून ठेवायची, हा पेच अनेक घरांनी निमूट सोसला.

अलीकडे त्याच रकान्यासाठी मराठा समाज रस्त्यावर उतरला. कोरडवाहू शेती तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली, खासगी महाविद्यालयांची फी वाढली, आणि 'पाटील' या शब्दाचे वजन प्रवेशाच्या यादीत शून्य ठरले. पूर्वी वर दिसण्यासाठी जो 'कुणबी' शब्द टाळला जाई, तोच आता ओबीसी सवलतीसाठी शोधला जातो. ऑगस्ट 2023 मध्ये अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. त्याच गॅझेटिअरकडे बोट दाखवत बंजारा समाजानेही अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी पुढे केली. ओबीसी संघटनांचा विरोधही तितकाच खरा आहे, कारण ताट तेच आणि जेवणारे वाढलेले. तालुक्याच्या कचेरीत जुन्या नोंदींसाठी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मात्र अचानक भाव आला.

या कागदी व्यवस्थेतली सर्वात मोठी गोम पारधी वस्तीवर दिसते. 1871 च्या कायद्यान्वये जन्मतः गुन्हेगार ठरवल्या जाणाऱ्या पारध्यांसारख्या जमातींची त्या शिक्क्यातून सुटका 1952 मध्ये झाली. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत त्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. पण मागासलेपण सिद्ध करायला जुनी शालेय नोंद मागितली जाते. ज्यांच्या घरातले कोणी शाळेतच गेले नाही, त्यांच्यापाशी ती नसते. अशा मुलांच्या घराण्यातली पहिली नोंद त्यांच्या स्वतःच्याच नावाची असते, आणि तिच्या रकान्यात काय लिहायचे, हे सांगायला बरोबर आलेल्या बापाला वाचता येत नाही.